जुनं लुगडं, सुईदोरा आणि मनाचं आरोग्य

दिवाळीची आवराआवर संपली की वाडीतल्या बहुतेक घरांत एक गाठोडं उरतं. विटलेल्या साड्या, मुलांना आखूड झालेले गणवेश, कॉलर फाटलेले शर्ट आणि कुणाच्या तरी आठवणीपायी आजवर टाकवलं नाही असं एखादं लुगडं त्यात असतं. पूर्वी यातलं बरंचसं कापड घरातच राहायचं. दुपारची कामं आटोपली की अंगणात कापड अंथरलं जायचं, दोन-चार बायका चारी बाजूंनी बसायच्या आणि थंडी पडायच्या आत गोधडी तयार व्हायची. आता पॉलिस्टरचं ब्लँकेट काही शे रुपयांत मिळतं. गाठोडं भांडेवालीकडे जातं, नाहीतर कचरागाडीत.

ही गोधडी आता आरोग्याच्या चर्चेत परत येते आहे. जुन्या कापडाचे तुकडे जोडून पांघरूण, भिंतीवरचं कापडचित्र किंवा आठवणीची चादर तयार करणं मनाला उभारी देतं, असं अनेक देशांतले कलोपचारक आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ सांगतात. त्याच वेळी मोबाइलवर ‘रोज शिवा, नैराश्य पळवा’ छापाचे संदेशही फिरतात. यातलं खरं किती आणि अतिशयोक्ती किती, हे पाहायला हवं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. अशा परिस्थितीत घरबसल्या, जवळपास फुकट मिळणारा आधार मोलाचा आहे. त्याला औषधाची जागा दिली, तर मात्र नुकसान रुग्णाचंच होईल.

टाके घालताना शरीरात काय होतं?

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. सुई खाली, सुई वर, बोटभर पुढे. याच साधेपणात त्याचा उपयोग आहे. हात एका लयीत चालतात, नजर टाक्याच्या रेषेवर राहते आणि काम इतकं अवघडही नसतं की डोक्याला ताण यावा. मन अशा कामात अर्धवट गुंतलेलं राहतं. चिंतेत आणि नैराश्यात तेच तेच विचार घोळत राहतात. त्यांना जागा कमी पडते, श्वास संथ होतो आणि शरीर हळूहळू सैलावतं, असं यामागचं संभाव्य कारण मानलं जातं.

पुरावे काय सांगतात? ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विणकाम करणाऱ्या ३,५४५ जणांनी प्रश्नावली भरून दिली. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचं सांगितलं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग आणि कोलाजचं साहित्य देऊन मनाला येईल ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजलं. सुमारे ७५ टक्के जणांमध्ये ते कमी झालेलं आढळलं. कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘मला कुठे चांगलं शिवता येतं’ ही सबब इथे चालत नाही.

अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ साली ७० ते ८९ वयोगटातल्या १,३२१ ज्येष्ठांची माहिती तपासली. त्यात गोधडीसारखं शिवणकाम, विणकाम, वाचन, खेळ अशा गोष्टींत रमणाऱ्यांमध्ये स्मृती आणि विचारशक्तीची सौम्य घसरण कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन आरोग्यात कलेची भूमिका मान्य केली.

आता दुसरी बाजू. पहिल्या पाहणीत लोकांनी स्वतःच स्वतःबद्दल सांगितलं होतं. दुसऱ्या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि त्यात सुई कुणाच्याच हातात नव्हती. तिसऱ्या अभ्यासाला एक साधा प्रश्न विचारता येतो. शिवणकामामुळे स्मृती टिकली, की स्मृती शाबूत असल्यामुळे शिवणकाम जमत राहिलं? म्हणून एवढंच म्हणता येतं, की हातांनी काही घडवण्याचा मनाला फायदा होत असल्याचे संकेत सातत्याने मिळतात. तो आजार बरा करतो असं मात्र म्हणता येत नाही.

सुई हे उपचाराचं साधन

रुग्णाच्या हाताला अर्थपूर्ण काम देऊन त्याला पुन्हा उभं करण्याचं शास्त्र जुनं आहे. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. अमेरिकेत १९१७ साली त्याची पहिली संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात ते आणण्याचं श्रेय कमलाबाई निंबकरांना जातं. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी विवाह करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, या विषयाचं शिक्षण आणि उपचार दोन्ही उपलब्ध आहेत.

अर्धांगवायूनंतर कमजोर झालेल्या हाताला कापड दाबून धरायला लावणं, सुई चिमटीत पकडायला लावणं हा बोटांचा व्यायामच असतो. सुरुवातीला मोठ्या नाकाची सुई, जाड दोरा आणि लांब टाका घेतात. मग हळूहळू टाका लहान करतात. किती जमलं हे रुग्णाला समोर कापडावर दिसतं. रबरी चेंडू शंभर वेळा दाबून कंटाळलेला माणूस नातवाचं दुपटं पूर्ण करायचं म्हणून आणखी अर्धा तास बसतो. काम कुणाच्या तरी उपयोगाचं असलं की व्यायाम सुटत नाही.

विदर्भाला हे वेगळं सांगायला नको. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांना केवळ दान देऊन भागणार नाही, त्यांच्या हाताला काम मिळालं पाहिजे, हा तिथला पाया होता. हातमाग आणि शिवणकाम तिथल्या उद्योगांत होतेच. पुढे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने टाकाऊ टायर आणि प्लास्टिकचा वापर बंधारे आणि बांधकामात झाला. माणसाचं पुनर्वसन आणि वस्तूचा पुनर्वापर ही दोन कामं एकाच ठिकाणी, एकाच विचाराने चालू शकतात, हे आपल्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर पाहायला मिळतं.

गेलेल्या माणसाचं कापड

गाठोड्यातलं ते एक लुगडं मात्र भांडेवालीला देववत नाही. आई गेली, तिच्या साड्या कपाटात तशाच आहेत. वडिलांचा स्वेटर अजून खुंटीवर आहे. त्यांचं काय करावं हे कळत नाही आणि कपाट उघडलं की घसा दाटतो. अनेक घरांत वर्षानुवर्षं हेच चाललेलं असतं.

अमेरिकेत एड्सने माणसं झपाट्याने मरत होती, तेव्हा अनेकांना धड अंत्यविधीही मिळत नव्हता. त्यांच्या जिवलगांनी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याच्या मापाचे कापडी तुकडे शिवले. त्यात मृताचे शर्ट, जीन्स, टोप्या, पडदे असं हाती येईल ते वापरलं. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये असे १,९२० तुकडे एकत्र अंथरले गेले. आता त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची मुलं आणि नवरे बेपत्ता झाले, त्या बायका तरटावर चिंध्या शिवून आपली कहाणी सांगू लागल्या. काहींनी त्यासाठी बेपत्ता माणसाचेच कपडे वापरले. जे बोलायची भीती होती, ते कापडावर आलं आणि एकेकट्या रडणाऱ्या बायका एकत्र बसू लागल्या.

आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी हेच काम करत आली आहे, फक्त त्याला कुणी उपचार म्हटलं नाही. शोकात माणसाला दोन गोष्टींची गरज असते. गेलेल्या माणसाशी नातं राहावं आणि तरीही रोजचं जगणं पुढे सरकावं. आईच्या साडीची गोधडी केली की साडी कपाटातून बाहेर येते, हातात खेळते आणि शेवटी कुणाच्या तरी अंगावर जाते. शिवताना तिच्याबद्दल बोलणं होतं. मात्र घाई करू नये. पहिल्या काही आठवड्यांत साडीला कात्री लावणं सोसत नसेल, तर थांबावं. घरातल्या सर्वांना विचारल्याशिवाय तर अजिबात कापू नये. एखादी साडी अखंड ठेवावीशी वाटली, तर तीही ठेवावी.

कापडाचा हिशेब

आता पर्यावरणाकडे येऊ. नागपूर हे कापडाचं गाव. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथेच सुरू झाली. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथेच आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा जागतिक सरासरीचा अंदाज आहे. विदर्भातला कापूस बहुतांशी पावसावर येतो, त्यामुळे हे सगळं पाणी कालव्याचं नसतं. पण जमीन, खत, फवारणी आणि शेतकऱ्याचे कष्ट प्रत्येक धाग्यात असतातच.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडकचरा जमा होतो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक लोकांनी वापरून टाकलेल्या कपड्यांचा असतो. ओल्या कचऱ्याखाली दबलेलं सुती कापड हवेविना कुजून मिथेन सोडतं. पॉलिस्टर कुजत नाही. ते धुतानाही सूक्ष्म तंतू सुटतात. समुद्रात थेट सूक्ष्म रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कापड धुण्यातून येतं, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा २०१७ चा अंदाज आहे.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, हे खरं. पण नाग नदीचा उगम वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत आहे. अंबाझरीपासून ती शहर ओलांडते, पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानचं पाणी वैनगंगेत जातं. आपल्या न्हाणीघरातलं पाणी कुठे जातं, याचं उत्तर याच वाटेवर सापडतं.

गोधडीने हा प्रश्न सुटत नाही. लाखो टनांपुढे एका घरातली दोन पांघरुणं काहीच नाहीत. तरीही एक हिशेब पक्का आहे. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेच्या अंदाजानुसार कपडा नऊ महिने जास्त वापरला, तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. गोधडीत कापड नऊ महिने नव्हे, अनेक वर्षं राहतं. अट एकच. ती गोधडी नव्या ब्लँकेटऐवजी वापरली गेली पाहिजे. गोधडी करण्यासाठी नवं कापड विकत आणलं, किंवा हौसेने केलेली गोधडी माळ्यावर टाकून ब्लँकेटही घेतलं, तर निसर्गाच्या पदरात काहीच पडत नाही.

टाकलेल्या कापडाला मान देण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. दरवर्षी दीक्षाभूमीवर जे भिक्खू आपण पाहतो, त्यांचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. उकिरड्यावर किंवा स्मशानात पडलेल्या चिंध्या धुऊन, रंगवून, शिवून केलेल्या वस्त्राला पांसुकूल चीवर म्हणत. मगधातल्या बांधबंदिस्त शेतांसारखी त्याची शिवण असावी असं बुद्धांनी सुचवलं आणि आनंदाने ती तशी बेतली, असं विनयपिटकात आलं आहे. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका आजही जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडी ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

सुरुवात कशी करावी?

पहिल्यांदाच पूर्ण गोधडीला हात घालू नका. हातभर लांबी-रुंदीचं आसन किंवा दुपटं घ्या. वर आणि खाली मऊ सुती साडी, मध्ये धुवट चादरीचे किंवा शर्टांचे दोन-तीन थर ठेवा. थर ताणून टाचणीने किंवा लांब कच्च्या टाक्यांनी पक्के करा आणि मग धावदोरा घाला. गोधडीची ऊब कापडात कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. टाके थर सरकू देत नाहीत, म्हणून ती हवा जागच्या जागी राहते. दोरा फार आवळला तर थर दाबले जातात आणि ऊब कमी होते. ओली गोधडीही ऊब देत नाही, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं.

शक्य असेल तर एकट्याने बसू नका. आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्या दोघी-तिघी जमल्या, तर टाक्यांइतकाच गप्पांचा उपयोग होतो. निवृत्त पुरुषांनीही बसायला हरकत नाही. शाळेतल्या मुलांना घेऊन एखादं सामूहिक कापडचित्रही करता येईल. लाव्याच्या टेकडीपासून कन्हानपर्यंतची नाग नदी जुन्या निळ्या साड्यांनी काढायची आणि जिथे पाणी मळतं, तिथून कापडाचा रंगही बदलायचा. मुलांना नदीची वाट पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा.

- गॅरेज, ट्रान्सपोर्टची गोदामं किंवा कारखान्यांतून आलेल्या तेलकट, रसायनं लागलेल्या चिंध्या कधीही वापरू नका. धुऊनही त्या सुरक्षित होत नाहीत. शेकोटीत टाकू नका, त्यांचा धूर फुप्फुसांना घातक असतो.
- बाहेरून आलेलं कापड आधी गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. घरात कुणाला खरूज झाली असेल, तर त्याचे कपडे धुतल्याशिवाय गाठोड्यात घालू नका.
- दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांसाठी फार जाड गोधडी नको. धुळीतले सूक्ष्म किडे जाड पांघरुणात वाढतात. सहज धुता येईल अशी दोन-तीन थरांचीच करा आणि शक्यतो ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा.
- एक वर्षाखालच्या बाळाला झोपताना जड किंवा सैल गोधडी पांघरू नका. ती तोंडावर गेली तर श्वास कोंडू शकतो.
- शेकोटी किंवा हीटरजवळ वापरायच्या पांघरुणात पॉलिस्टर नको. ते वितळून कातडीला चिकटतं.
- मधुमेहामुळे बोटं बधिर असतील, तर सुई टोचलेली कळत नाही. अंगुस्तान घाला आणि काम संपल्यावर हात नीट तपासा. धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हेही पाहा.
- चाळिशीनंतर जवळचं दिसत नसेल, तर आधी चष्मा करा. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, मान आणि पाठ मोकळी करा.

कुठे थांबायचं?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही, ‘आपण नसलेलं बरं’ असे विचार येतात, तर सुईदोरा पुरेसा नाही. डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. औषधं चालू असतील, तर शिवणकाम सुरू केलं म्हणून ती बंद करू नका. नैराश्यात असलेल्या माणसाला ‘बस जरा गोधडी शिवत, बरं वाटेल’ असं सुनावणंही योग्य नाही. त्याला सुई उचलण्याइतकंही बळ नसतं, हे त्या आजाराचंच लक्षण आहे. त्याच्या शेजारी बसा, आपण टाके घाला. त्याने हात पुढे केला, तर दोरा ओवून सुई त्याच्या हातात द्या.

डिसेंबरअखेर नागपूरचा पारा चांगलाच उतरतो. तोवर दीड-दोन महिने हाताशी आहेत. गाठोडं अजून घरात असेल, तर ते उघडून सुती कापड एका बाजूला आणि पॉलिस्टर दुसऱ्या बाजूला करा. घालण्याजोगे कपडे ज्याला लागतील त्याला द्या. उरलेल्या सुती कापडातून एक पांघरूण सहज निघेल.